पत्रकातलं स्वच्छ तळं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी कारखान्याखालच्या ओढ्यातल्या, डासासारख्या माशीच्या तांबड्या अळ्या तपासत होते. तुलनेसाठी धसईजवळच्या आमच्या गावतळ्यातल्या अळ्या आणल्या. तळं स्वच्छ आहे हे मी गृहीतच धरलं होतं. तसं पत्रक मीच लिहून आठवडी बाजारात वाटलं होतं.

अळीची लाळग्रंथी रंगवून दोन काचांमध्ये दाबली की सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रांचे पट्टे दिसतात. अळी नीट वाढत असेल तर त्यांवर ठळक फुगवटे असतात; पाण्यात विष असेल तर ते आक्रसतात. तळ्यातल्या अळीचे फुगवटे ओढ्यातल्यांसारखेच आक्रसलेले होते. ही एकच अळी रोगट असेल म्हणून मी तळ्यातल्याच आणखी चार अळ्या पाहिल्या. सगळ्या तशाच.

आईला फोन केला. "तळ्याचं पाणी पिऊ नका."

"का गो? तूच लिवलंस ना, आपलं तळं काचेसारखं? आमी हापशीचंच पितो. पन शेजारीण तुझं पत्रक वाचून तळ्याचंच भरते आता. सून पोटुशी हाय तिची, चांगलं पाणी पायजे ना!"

मी तशीच बस पकडली. शेजारणीच्या दारात उभं राहून काय बोलायचं, ते धसई आली तरी सुचलं नव्हतं.