सईच्या खेळातलं मुख्य दार

सांगतो, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल आणि खापर माझ्यावर फुटेल. अशी फजिती शत्रूचीही होऊ नये!

आमची सई पुण्याला कॉलेजला निघाली होती. हवा तोच कोर्स मिळालेला, पोरगी हवेत! जन्म दिल्लीतला, सरोजिनी नगरचं आमचं सरकारी क्वार्टर सोडून एकटी कुठे राहिलेली नाही. बापाने चार मायेचे शब्द बोलावेत की नाही? पण ते मला कुठलं जमायला! म्हणून मी तिच्यासाठी कंप्युटरवर एक खेळ बनवायला घेतला. खेळात सईच. बॅग भरायची, हरवलेल्या वस्तू शोधायच्या, आईकडून हातावर दही-साखर घ्यायची आणि निघायचं.

खेळ बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, हौशी लोकांचं, फुकटातलं. खोली बदलली की मागचं सगळं विसरायचं! सई स्वयंपाकघरात आली की आई दही-साखर देणार. पाणी प्यायला परत आली, पुन्हा दही-साखर! बॅगेतल्या वस्तू मात्र त्याला आठवायच्या. मग मी काय केलं? दही दिलं की बॅगेत एक न दिसणारी वाटी टाकली. वाटी असली की आई गप्प. सई मुख्य दारातून बाहेर पडली की वाटी काढून घ्यायची, म्हणजे पुढच्या सुट्टीनंतर निघताना पुन्हा दही-साखर! आहे की नाही डोकं?

आणखी एक खोड. प्रत्येक दार कुठल्यातरी खोलीत उघडलंच पाहिजे, नाहीतर खेळ सुरूच होत नाही. हॉस्टेलचं चित्र काढायचं राहिलं होतं, म्हणून मुख्य दार मी तात्पुरतं स्वयंपाकघरालाच जोडून ठेवलं. आणि विसरलो!

निघायच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि शेजारच्या चोप्रा आंटींसकट सगळ्यांना समोर बसवलं. सईने बॅग भरली, दही-साखर घेतली, दार उघडलं... आणि थेट स्वयंपाकघरात! आई वाटी घेऊन उभीच.

"अरे यार बाबा, हे काय?" सईने पुन्हा दार उघडलं. पुन्हा स्वयंपाकघर. पुन्हा दही-साखर!

मला आठवलं, दार अजून स्वयंपाकघरालाच जोडलेलं! तोंड उघडणार, तोच आंटींनी दुपट्टा डोळ्यांना लावला.

"भाईसाहब, रुला दिया आपने! बेटी कहीं भी जाए, लौटेगी माँ के पास ही!"

माझी बायको मेधा तर बघतच राहिली. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे एवढ्या प्रेमाने बघितलं नव्हतं. "एवढं मनात होतं, आणि बोलला नाहीस?"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी 'चुकलंय' असं कोण म्हणेल? मी मान खाली घालून म्हटलं, "सुचलं आपलं."

तेवढ्यावर भागलं असतं हो! पण सईने माऊस बाजूला ठेवला. डोळे भरलेले.

"बाबा, मी जायला नकोय ना तुला? खरं सांग. मी इथेच अ‍ॅडमिशन घेते."

मी ताडकन उठलो.

"अगं नाही! चूक आहे ती! शुद्ध चूक! दार भलतीकडे जोडलंय मी!"

"मतलब गलती थी?" आंटींचा दुपट्टा झटकन खाली.

मी लॅपटॉप ओढला. एक काळी रिकामी खोली बनवली, वर 'पुणे' लिहिलं आणि दार तिकडे जोडलं. सई बाहेर पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "जा गं बाई, खुशाल जा," म्हणताना माझा आवाज चिरकला, पण तो टाळ्यांत बुडाला.

मेधा काही सोडते होय! "रोज ऑफिसातून आलास की हाच खेळ तपासत बसायचास ना? मग हे दिसलं कसं नाही रे?"

तपासत होतो की! बॅग भरून बघितली, वाटी बघितली, दही-साखर तर किती वेळा घेतली याला हिशेब नाही. सईला तेवढं दाराबाहेर काढून बघितलं नव्हतं. एकदाही नाही.