न धुतलेला बिब

“हे बिब धुऊन द्या आणि मग निघा. नळ तिकडे आहे,” यजमान शाळेच्या क्रीडाशिक्षिका मॅडम म्हणाल्या.

फुटबॉलचा सामना संपून दहा मिनिटंही झाली नव्हती. आम्ही तीन-एकने जिंकलो होतो, तेही त्यांच्या हिरवळीवर. पाथर्डीत आमचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. पडलं की गुडघा सोललाच. पहाटे एका जीपमध्ये कोंबून आम्ही चौदा पोरी बागायती पट्ट्यातल्या त्या बड्या शाळेत आलो होतो. दोन्ही संघांच्या जर्सी लाल निघाल्या, म्हणून पाहुण्यांनी वरून पिवळे, बिनबाह्यांचे बिब घालायचे असं ठरलं. बिब त्यांचे.

आमच्या गोलकीपर मंदानं पेनल्टी अडवली. तीनातले दोन गोल माझे. मध्यंतरात याच मॅडम माझ्याजवळ आल्या होत्या. “जिल्हा संघात तुझं नाव घेतेय मी.” निवड त्यांच्याच हातात होती. माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग त्यांना कुणीतरी सांगितलं, या ऊसतोड्यांच्या वसतिगृहातल्या पोरी. यांचे आईबाप इथल्याच फडांत ऊस तोडतात. मॅडमचा चेहराच फिरला.

“मशीनमध्ये आमच्या मुलींचे कपडे असतात. त्यात हे नकोत.”

त्यांच्या मुली मांडवात वडापाव खात होत्या.

“धुवा गं,” आमचे सर खाली मान घालून म्हणाले. “न्हाईतर फुडच्या साली बोलवनार न्हाईत.”

मंदा नळाशी बसलीसुद्धा. पेनल्टी अडवलेले तिचे हात फेसात. मला ते बघवेना. दिवसभर ऊस तोडून माझी आई फडमालकिणीची भांडी घासायची. नाही म्हणायची सोय नव्हती. तीही अशीच मुकाट बसायची. लाज वाटली, मग संताप आला.

मी बिब काढला. घामानं चिंब. तसाच मॅडमच्या टेबलावर, निवडीच्या यादीवर टाकला.

“आमी खेळायला आलोय. तुमचं धुनं तुमी धुवा.”

“यादीत नाव हवंय ना?”

मी मंदाला दंडाला धरून उठवलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

माझं नाव आलं नाही. मंदाचंही नाही. माझ्यामुळेच संधी गेली म्हणून तिनं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. ते मला अजून सलतं.

आता त्याच वसतिगृहाच्या संघाला मी शिकवते. येत्या रविवारी तीच शाळा, तेच मैदान. निवडीवर त्याच मॅडम. या वेळी दोन रंगांच्या जर्सी मी पिशवीत भरल्या आहेत. आणि पोरींना बजावलंय, “नळावर फकस्त पानी प्यायला जायचं.”