हिरव्या टॅगचा सूर्य

कुणी सूर्याच्या मोठेपणाचं कौतुक करायला लागलं, की आजही माझं तोंड कडू होतं. मोठा कसला, डोंबल! मध्यम चणीचा, पिवळा, चारचौघांतला तारा आहे तो. हे मला सत्तरच्या दशकात कळलं, चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर असताना. आणि त्याच सूर्यापायी मी स्वतःच्या नजरेतून उतरलो.

इन्स्पेक्टर म्हणजे काही मोठी तोफ नव्हे. लेथवरून, भट्टीवरून आलेला जॉब मोजायचा. मापात असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल. हिरव्या टॅगवर सही असल्याशिवाय आमच्या शॉपमधून साधा बोल्टसुद्धा बाहेर जायचा नाही. सही करणारा मी मात्र टेंपररी! सात महिने झाले की ब्रेक, घरी बसा, पुन्हा अर्ज करा. कासारवाडीच्या ज्या गृहस्थांच्या मुलीशी माझं जुळत होतं, त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पर्मनंटची ऑर्डर दाखवा, मग तारीख काढू. दिवाळीपर्यंत थांबतो, पुढं नाही."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. कामगारांची बायकापोरं बघायला यायची आणि प्रत्येक खातं काहीतरी आरास करायचं. त्या वर्षी मी म्हटलं, देवळं आणि किल्ले पुरे झाले, आपण तारे करू. पण अगदी मापात. वाचनालयातून पुस्तक आणलं. जोडीला भट्टीवरचा मिस्त्री, महाळुंग्याचा, वयानं माझ्या दुप्पट.

सूर्य म्हणजे बेअरिंगमधला चार मिलिमीटरचा छर्रा. त्या हिशेबानं व्याध सात मिलिमीटर, अभिजित सेंटिमीटरभर, स्वाती दहा सेंटिमीटरचा लाकडी गोळा, रोहिणी फुटबॉलपेक्षा जरा लहान. ज्येष्ठा तर दारातून आत यायचीच नाही, दीड माणूस उंच! म्हणून भिंतीवर तिची नुसती लाल कड रंगवली. आणि व्याधाचा तो जोडीदार, पांढरा बटू? बारीक फट मोजायला आमच्याकडे पातळ पात्यांचा जुडगा असतो, त्यातल्या सगळ्यात पातळ पात्याच्या जाडीएवढा. दिसणार कसा? मग ते पातंच टांगलं.

लाल तारे त्यातल्या त्यात थंड आणि पांढरे जास्त तापलेले, हे मी मिस्त्रीला समजवायला गेलो तर तो हसायलाच लागला. "हे मला शिकिवता व्हय, राव? लोखंड लाल म्हंजी अजून कच्चं, पांढरं झालं म्हंजी खरं तापलं. आमी रोज दुसरं काय बघतोय?" पंधरा दिवस शिफ्ट सुटल्यावर तो थांबला. गोळे घासले, रंग दिला. तयार झालेला एकेक तारा मी मोजायचो आणि हिरवा टॅग बांधायचो. टॅग लागला की गडी खूश.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी खातेप्रमुख आले. गालात पान, ओठांच्या कडेला लाल ओघळ. छर्रा बघून तडकलेच. "हा सूर्य? कंपनीच्या शिक्क्यात सूर्य आहे आपल्या! उद्या मुंबईहून डायरेक्टर येणार, त्यांना ही उंदराची लेंडी दाखवू?"

"साहेब, मापच तसं आहे."

"माप मला शिकवू नकोस." आणि तिथंच भिंतीवर पिचकारी मारली, नेमकी ज्येष्ठेच्या कडेवर. शी!

दुपारी थर्माकोलचा सोनेरी सूर्य आला, पुरुषभर उंच, पोटात बल्ब. रोहिणी आणि स्वाती त्याच्या पायाशी गेल्या, ज्येष्ठेवर चुना फासला. साहेबांना माझी एकच गोष्ट आवडली होती, टॅग. "याला पण लाव. सही ठसठशीत पाहिजे. तुझा पर्मनंटचा कागद माझ्याच टेबलावर पडलाय, लक्षात आहे ना?"

मिस्त्री शेजारीच उभा होता, हातात ब्रश. साहेब गेल्यावर हळूच म्हणाला, "सूर्य ठिवायचा तर ठिवू द्या त्यान्ला. तुमी सही करू नका, राव."

मी केली. शेपूट घातली आणि केली, सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी टॅग वाचून विचारलं, "सगळं मापात आहे?" मी म्हटलं, "हो सर, मापात." साहेबांनी त्याच पानाच्या हातानं माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि मी तो गिळला. बायका थर्माकोलला हात जोडत होत्या. कुणीतरी माझ्या सहीवरही हळदकुंकू वाहिलं. किळस साहेबांची आलीच, पण त्याहून जास्त त्या पेढ्याची, जो मी थुंकलो नाही.

दिवाळीआधी ऑर्डर हातात पडली. लग्न झालं. मिस्त्री आला, पोटभर जेवला, आहेर केला, एका शब्दानं वाकडं बोलला नाही. मला वाटलं, विसरला.

रजेवरून परतलो त्या दिवशीची गोष्ट. शॉपमध्ये आम्ही इन्स्पेक्टर दोघं, मी भट्टीच्या दाराशी, दुसरा पार पलीकडच्या टोकाला. माझं टेबल रिकामं होतं. मिस्त्री जॉब घेऊन भट्टीतून बाहेर आला, "काय राव, बरं हाय ना?" म्हणाला, आणि जड जॉब तसाच उचलून माझ्यासमोरून पुढं गेला. पलीकडं सहा माणसांची रांग होती. तो सातवा उभा राहिला. रिटायर होईपर्यंत तो तिथंच उभा राहायचा.