पळून गेलेली संतीण

बायांनो, घरोघरी फिरणारी प्रार्थनेची वही आज माझ्या घरी आली, म्हणून आजचंच लिहिते. अक्षर वाईट हाय, चालवून घ्या.

बापाचं डोकं फिरल्यापासून मी घरात अडकले. पिंगळी गावाला दिलेल्या लेकीला मूल झालं, दोन म्हैने झाले, तोंड बघाया जाता आलं न्हाई. चर्चच्या सिस्टरनं संत डिंफनाची तसबीर दिली. डोक्याच्या दुखण्याची संतीण हाय, नऊ दिवस प्रार्थना कर, धीर येईल म्हणली.

आज नववा दिवस. सिस्टर आली तवा इचारलं, "हिनं काय केलं वो?"

"तिचा बाप वेडा झाला. ती घर सोडून पळाली. त्यानं गाठून मारलं."

"म्हंजे पळाली ती संतीण, आन मी इथंच बसू?"

बाप ऐकत व्हता. लय दिवसांनी शुद्धीत बोलला, "मंग तू बी पळ की माय. तुला कोण धरलंय?"

माझ्या पदराचं टोक सकाळपासून त्याच्याच मुठीत व्हतं.

तुमी समद्या माझ्यासाठी प्रार्थना करता, करा. पर मी पिंगळीला जाऊन येईस्तोवर एक दुपार बापाजवळ कोण बसतंय? ह्याच पानावर खाली नाव लिवा.