फुटबॉलच्या पुस्तकांना टॅग लावणारा माणूस

प्रताप गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगावला आईकडे होते. फोन शेजारच्या कुलकर्णीकाकूंचा. त्यांना नीट बोलताही येत नव्हतं, नुसतं ‘तुम्ही लगेच या, लगेच या’ चाललं होतं. आईने माझ्या हातातून फोन घेतला, ऐकला आणि म्हणाली, “न्हाई गं, दुसऱ्या कुनाचा आसंल. सकाळी तर जावई बोलले की माज्याशी.” बोलले होते, खरं आहे. माझ्याशीही बोलले होते. स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडे जुनी क्रीडा मासिकं आली आहेत का ते बघून ये, म्हणाले. आणि मला दुसरी कामं आहेत, असं मी नेहमीच्या सुरात सांगितलं होतं. संत तुकाराम नगरला घरी पोचले तोवर लोकांनी त्यांना खाली निजवलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर कुठल्याशा जुन्या विश्वचषकाचा विशेषांक उघडाच होता. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. झटक्यात गेले, त्रास झाला नाही, असं येणारा प्रत्येक जण मला समजावत होता. मला झाला त्रास. अजून होतोय.

पुढे शोकसभा झाली. कोल्हापूरहून नोकरीसाठी इकडे पिंपरीत येऊन स्थायिक झालेल्या फुटबॉलवेड्यांचं एक मंडळ आहे, त्यांनीच ठेवली होती. मंडळाचे अध्यक्ष वसंतराव पोवार बोलायला उभे राहिले. प्रताप आणि ते एकाच पेठेतले, एकाच तालमीच्या फुटबॉल संघाच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलेले. वसंतराव म्हणाले, “प्रतापनं आयुष्यात कधी कुणाचं मन दुखवलं नाही.” आणि मी हसले. मोठ्याने. लोकांना तो हुंदका वाटला, कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला. मी पाणी प्यायले, समोरच्या फोटोकडे पाहिलं आणि मला पुन्हा हसू आलं. कारण त्या सभागृहात असा एकही माणूस नव्हता ज्याचं मन प्रतापनी निदान एकदा तरी दुखवलं नव्हतं. मी धरून!

घरात मी त्यांना जन्मभर ‘अहो’ म्हटलं. इथे मात्र नावाने लिहितेय, कारण ‘हे’ म्हटलं की माणूस फक्त कुणाचा तरी नवरा उरतो. प्रताप चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होते. गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट तपासणं हे काम. तपासलेल्या मालाला टॅग लागायचे: हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबवा, दुरुस्ती करा, आणि लाल म्हणजे रिजेक्ट. लाल टॅग लागला की तो पार्ट बाजूच्या लाल पेटीत जायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, प्रॉडक्शनच्या साहेबानेसुद्धा नाही. गेटवर ट्रक उभा आहे, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येताहेत, साहेब येरझाऱ्या घालताहेत, आणि प्रताप आपले शांतपणे टॅगची दोरी बांधताहेत, हे दृश्य त्यांच्या कंपनीतल्या कितीतरी जणांनी मला रंगवून सांगितलंय. बढती त्यांना उशिरा मिळाली ती यामुळेच. घरी त्याबद्दल कुरकुर मी करायचे, ते करत नसत.

हेच टॅग त्यांनी फुटबॉलच्या पुस्तकांना लावले. मंडळाचं एक छोटं मासिक पत्रक निघायचं, त्यात त्यांचं ‘टॅग’ नावाचं सदर होतं. जुन्या खेळाडूंची चरित्रं, क्लबांचे इतिहास, स्मरणिका, रद्दीतून सापडलेली परदेशी साप्ताहिकं, काय वाट्टेल ते. वाचक कोण, तर भोसरी-चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, आता रिटायर झालेले, गुडघे धरून चालणारे, आणि ‘आमच्या वेळचा फुटबॉल’ हे शब्द उच्चारताच डोळे ओले होणारे लोक. असल्या वाचकांना गोडगोड लिहिलेलं हवं असतं. प्रताप ते द्यायला तयार नव्हते. एका गाजलेल्या आत्मचरित्राला त्यांनी पिवळा टॅग दिला, का, तर लेखकाने स्वतःचा प्रत्येक पराभव पावसावर किंवा पंचांवर ढकलला होता. ‘एवढा पाऊस तर आंबोलीतही पडत नाही,’ असं लिहिलं होतं. कोलकात्याहून कुणीतरी बंगाली मासिकांचा गठ्ठा आणून दिला तेव्हा एक अक्षर वाचता येत नसताना त्यांनी फक्त फोटोंचं परीक्षण केलं, आणि ते मी आजवर वाचलेलं सगळ्यात प्रेमाने लिहिलेलं परीक्षण आहे. गोल खाल्लेला गोलकीपर जाळीतून चेंडू काढायला वाकलाय, त्याच्या पाठीवर चिखल आहे आणि मागे प्रेक्षकांत एक माणूस मात्र त्याच्याचकडे बघून टाळ्या वाजवतोय... त्या एका माणसासाठी अंकाला हिरवा टॅग. मी गणिताची शिक्षिका, मला फुटबॉल कळत नाही. ऑफसाइड त्यांनी मला चमचे-वाट्या मांडून शिकवला आणि तरी कळला नाही. पण ‘टॅग’ची पहिली वाचक मीच असायचे, आणि परीक्षण खोटं असतं तर मला कळलं असतं. ते कधी नव्हतं.

मग आबांचं पुस्तक आलं. आबा म्हणजे त्या तालमीच्या संघाचे जुने फॉरवर्ड, या सगळ्यांचं दैवत. उतारवयात त्यांनी आठवणी लिहिल्या, मंडळाने त्यांना पिंपरीत बोलावून सत्कार ठरवला, आणि ‘टॅग’मध्ये परीक्षण त्याआधी यावं अशी सगळ्यांची इच्छा. प्रतापनी ते पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तर चक्क रडले. गल्लीतल्या सामन्यांचं वर्णन, दोन्ही गोलपोस्ट म्हणून ठेवलेल्या चपला, हरल्यावर पेठेत पसरणारी शांतता, सगळं अगदी जसंच्या तसं होतं. दुसऱ्या वेळी मात्र एका प्रकरणापाशी थांबले. ज्या फायनलच्या आठवणीवर ही सगळी मंडळी अजून जगतात, तिच्यातला शेवटचा गोल आपण मारला, असं आबांनी लिहिलं होतं. तो मारला होता त्याच संघातल्या मारुतीने. मैदानात हजर असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, आणि मंडळातले निम्मे लोक तिथे हजर होते! मारुती पुढे भोसरीतल्या कारखान्यात टर्नर म्हणून लागला, मंडळाच्या कार्यक्रमांत मागच्या रांगेत बसायचा, आणि पुस्तक यायच्या आधीच वारला. म्हणजे ‘अहो, तो गोल माझा’ म्हणायलाही तो उरला नव्हता.

प्रतापनी लाल टॅग दिला. पुस्तकाची मनापासून स्तुती करून, कौतुकाचा एक शब्दही न आखडता, शेवटी लिहिलं: ‘एवढं सुंदर पुस्तक एका गोलापायी लाल पेटीत ठेवताना हात जड झाला. पण गोल दुसऱ्याचा आहे. दुरुस्ती सोपी आहे, ती फक्त लेखकच करू शकतो आणि तो आपल्यात आहे.’ वसंतराव पत्रक छापायच्या आधी घरी आले. याच हॉलमध्ये बसून म्हणाले, “प्रताप, म्हातारं माणूस हाय ते. गोल कुणाचा का असंना, संघ तर आपलाच जिंकला की!” प्रताप म्हणाले, “व्हय. मग मारुतीचं नाव घालायला काय अडचण हाय?” परीक्षण छापलं गेलं नाही. सदरही बंद झालं, न सांगता, पुढच्या अंकात त्या जागी एका पतसंस्थेची जाहिरात आली. प्रतापनी परीक्षणाच्या झेरॉक्स काढल्या आणि सत्काराच्या दिवशी सभागृहाच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटल्या. पुतण्याच्या लग्नात अक्षता वाटाव्यात इतक्या सहजपणे! मला लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम. काहींनी त्या कागदाचा तिथेच बोळा केला. त्या दिवसानंतर, रविवारी सकाळी मासिकं चाळायला आमच्याकडे जमणारी ही मंडळी यायची थांबली. रस्त्यात भेटली तर ‘बरं हाय न्हवं?’ एवढं विचारून पुढे जायची.

आता हे लिहायचं कारण. प्रतापचे दिवस झाल्यावर वसंतराव परत आले, हातात पुस्तिकेचं कच्चं प्रूफ. ‘टॅग’मधली निवडक परीक्षणं मंडळ छापणार. कव्हरवर प्रतापचा फोटो, आत श्रद्धांजली, कागदही चांगला. मी चाळलं. बहुतेक हिरवे, थोडे पिवळे. आबांच्या पुस्तकाचं परीक्षण नाही. मी विचारलं, तर वसंतराव खाली बघत म्हणाले, “वहिनी, ते आता कशाला? माणूस गेलं. चांगलंच तेवढं राहू दे मागं.” मी म्हटलं, “वसंतराव, तेच तर त्यांचं सगळ्यात चांगलं होतं. ते छापलं तर पुस्तिका निघेल, नाहीतर निघणार नाही. लिखाण त्यांचं आहे आणि त्यांची बायको अजून जिवंत आहे.” चहा निवून गेला. वसंतराव प्रूफ घेऊन गेले. माणूस वाईट नाही, हे मला माहीत आहे. त्यांना प्रताप हवेत, पण टोचणारा भाग काढून. मारुतीचा गोल काढून आठवण गोड केली, तसंच. मेलेल्या माणसाचं हे एक सोपं असतं, त्याला काहीही करा, तो हरकत घेत नाही. म्हणून हरकत मी घेतेय.

काही दिवसांनी थेट आबांचाच फोन आला, कोल्हापूरहून. आवाज फार थकलेला. आधी प्रतापबद्दल बोलले, चांगलं बोलले, आणि मग म्हणाले, “पोरी, मी बी आता कितीसा राह्यलोय? मी हाय तवर तेवढं नको छापूस. मग काय करायचं ते करा.” खरं सांगते, माझा धीर सुटत होता. ऐंशी ओलांडलेला माणूस विनवत असताना ताठ राहणं सोपं नसतं, आणि हो म्हणून टाकणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, “आबा, तुम्ही आहात म्हणूनच छापायचंय. तुम्ही गेल्यावर दुरुस्ती कोण करणार?” मग आबा म्हणाले, “गोल मारुतीचाच हुता.” आणि लगेच, लहान मुलासारखं हट्टाने, “पर पास माजा हुता.”

मला प्रताप आठवले. त्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. ते खुर्चीतून उठून नाचले असते. मी म्हटलं, “मग आबा, हेच लिहून पाठवा ना. परीक्षणाच्या खाली तुमच्या नावानिशी छापते. पास तुमचा होता हे पण मोठ्या अक्षरांत.” ते “बघतो” म्हणाले आणि फोन ठेवला.

अजून त्यांचं काही आलेलं नाही. पुस्तिका अडली आहे, आणि ती मी अडवली आहे हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. अडू दे. परीक्षणाशिवाय ती निघणार नाही आणि आबांनी लिहिलं तर ती त्यांच्या शब्दांसकट निघेल. माझ्याबद्दल काय बोललं जातं ते इकडूनतिकडून कानावर येतं. प्रतापबद्दलही हेच बोललं जायचं, त्यामुळे घरात तशी सवय आहे.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. लोकांनी आमच्याकडे यायचं सोडलं, तरी प्रताप दर रविवारी सकाळी हॉलमध्ये पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडून ठेवत. अर्धवर्तुळात, मधल्या स्टुलावर नवी सापडलेली मासिकं, आणि दार सताड उघडं. कुणी येत नसे. दुपारी जेवायच्या वेळेला ते स्वतःच खुर्च्या उचलून ठेवत. मी चिडायचे, कुणासाठी मांडता म्हणून. आता रविवारी मी मांडते. दार उघडं असतं. वसंतरावांनी यावं, बाकीच्यांनी यावं, आबांना प्रवास झेपला तर आबांनीही यावं. चहा मिळेल. पण या खुर्च्यांवर बसून तो गोल मारुतीचाच होता असं म्हणावं लागेल, आणि प्रतापने कधी कुणाचं मन दुखवलं नाही, असं म्हणता येणार नाही.