ओल्या सालींचा जाळ

नोकरी सोडून मी नरडाण्याच्या एमआयडीसीत गाळा घेतला, तेव्हा घरात कुणी अडवलं नाही. सासूबाई तेवढ्या भांडी जरा जोरात आपटायच्या. गाळ्यात माझं एकच यंत्र. ओला कचरा तसाच वाटून आत घालायचा आणि पाणी इतकं तापवायचं, इतकं दाबायचं की ते धड पाणी राहत नाही, धड वाफही नाही. त्यात कचरा विरघळतो आणि जळणारा गॅस निघतो. वाळवायची कटकट नाही, यातच सगळी गंमत.

नशिराबादजवळ केळीच्या वेफर्सचा कारखाना असलेले एक शेठ ते बघायला येणार होते. त्यांच्याकडे सालींचे ढीग कुजत होते आणि वाळवायला जागा नव्हती. त्यांना पटलं तर मोठं यंत्र त्यांच्या आवारात बसणार होतं. नाहीतर मी गाळ्याला कुलूप लावून पुन्हा नोकरी शोधणार होते. आदल्या दिवशी सकाळीच त्यांनी पोतंभर साली पाठवल्या; मी बाहेरगावी होते, सासूबाईंनी त्या गाळ्यावर उतरवून घेतल्या.

सकाळी जाऊन बघते तर काय, सासूबाईंनी त्या सगळ्या गाळ्यासमोर ताडपत्रीवर पसरलेल्या, कालच्या उन्हात पार कडक झालेल्या. जन्मभर कपाशीच्या पऱ्हाट्या वाळवून चूल पेटवलेली बाई. "वल्लं कधी पेटस का, माय?" म्हणाल्या. मदत केली होती बिचारीनं, पण मला अशी तिडीक गेली की विचारू नका.

तेवढ्यात शेठ गाडीतून उतरले. ताडपत्री बघून त्यांचा चेहराच पडला. "ताई, वाळवायचंच होतं तर मला एवढ्या लांब कशाला बोलावलं?"

मी घसा कोरडा करून समजावलं. त्यांना काही पटेना. शेवटी त्यांनीच गाडीची डिकी उघडली. दुसऱ्याचं यंत्र बघायचं तर माल आपल्या हातानं न्यायचा, ही व्यापाऱ्याची खोड. आत ताज्या सालींची गळकी पिशवी होती. त्या वाटून मी यंत्रात घातल्या.

यंत्र तापलं, दाबाचा काटा वर चढला. मग यंत्राला जोडलेल्या शेगडीची चावी फिरवून काडी लावली आणि भप्पकन निळा जाळ उठला.

शेठ माझ्याकडे वळलेच नाहीत. "अक्का, तुम्ही खरं सांगा," ते सासूबाईंना म्हणाले. "यात आधीच वाळवलेलं काही घातलंय का?"

माझा जीव टांगणीला. त्या नुसतं 'हो' म्हणाल्या असत्या, तरी सून परत नोकरीला लागली असती.

सासूबाईंनी बाहेरच्या ताडपत्रीकडे बोट केलं. "वाळाडेल बठ्ठं तठेच पडेल शे, भाऊ. हाई वल्लंच पेटनं."

शेठनी मला विचारलं, "मग आमच्या आवारात जागा बघायला कधी येता?"

मला रडू आवरेना.

"उद्याच यी ती," सासूबाई म्हणाल्या.