भरल्या घरात उपाशी

"हिला टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "कावीळ नाही, पोटात गाठ नाही. ही मुलगी जेवत नाही. ठरवून जेवत नाही."

महाडच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि माझ्या सासूबाई उभ्या होतो. आत माझी नणंद वर्षा सलाईन लावून पडली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, एनोरेक्सिया नर्वोसा. म्हणजे जाड होण्याची इतकी भीती मनात बसते की माणूस अन्न तोडतो. हाडं वर आली तरी आपण जाडच आहोत असं त्याला वाटत राहतं.

सासूबाई गावाहून, कापड्याहून आल्या होत्या. त्यांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "जेवत नाय म्हंजे? घरात भात काय कमी हाय का?"

"भात कमी नाही, मावशी. म्हणूनच याला आजार म्हणायचं."

त्या मटकन बाकावर बसल्या. सारं आयुष्य भातशेतीत गेलेली बाई. दारात आलेल्या परक्यालाही उपाशी जाऊ देत नसत. त्यांच्याच पोटची पोर उपाशी मरायला टेकली होती.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. या आजाराचं नाव आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. आज सांगते आहे, कारण तुमच्याही घरात एखादी वर्षा असेल आणि तुम्ही तिचं कौतुक करत असाल.

हो, कौतुक. वर्षा बारावीनंतर कॉलेजसाठी आमच्याकडे महाडला राहायला आली. अंगानं भरलेली, गालांना खळ्या. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचात तिला मागच्या रांगेत टाकलं आणि कुणीतरी म्हणालं, "पुढे उभी राहिलीस तर बाकीच्या दिसायच्या नाहीत." सगळे हसले, तीही हसली. हे मला फार नंतर कळलं.

त्यानंतर तिनं नवरात्राचे उपास धरले. मग सोमवार आला, गुरुवार आला, चतुर्थी, एकादशी. उपासाच्या दिवशीही साबुदाण्याला हात लावायची नाही, पाण्यावर राहायची. शेजारणी म्हणायच्या, "केवढी देवभोळी!" आणि थोड्या दिवसांनी, "किती छान बारीक झालीस गं!" मी घरी ब्लाउज, ड्रेस शिवते. तिचे कुडते मीच आत घेत होते, आणि तिला आरशासमोर वळून बघताना बघून मलाही बरं वाटत होतं.

मग कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. भर मे महिन्यात ती अंगावर चादर घेऊन बसायची. पाळी थांबली. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "दुसरं काय नाय ना गो?" आम्ही गुपचूप लघवी तपासून घेतली. तसं काही नव्हतं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आपली लेक मरणाच्या दारात आहे आणि आपण साखर ठेवतोय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

एका सकाळी वर्षा एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडली. फलाटावरच्या बायकांनी तिला उचललं. एकटीलाही सहज उचलता आली असती, असं त्यातली एक मला सांगत होती.

दवाखान्यात छातीचा एक्स-रे झाला, थुंकी तपासली, सोनोग्राफी झाली. रक्तात पोटॅशियम फार कमी निघालं. पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. तो कमी झाला की हृदयाचे ठोके चुकतात. तो इतका कमी का, हे सांगताना डॉक्टरांनी तिचा उजवा हात उलटा करून मला दाखवला. बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडले होते. "घशात बोटं घालून उलट्या काढते. दात लागून लागून हे होतं."

म्हणजे आमच्या समाधानासाठी चार घास खायची आणि मोरीत जाऊन ओकायची. नळ मोठा सोडायची, तो यासाठी.

दुसऱ्या दिवशी सासूबाई डबाभर शिरा घेऊन आल्या, तूप सुटलेला. डॉक्टरांनी डबा झाकला. "मावशी, आता एकदम खायला घातलंत तर हृदय बंद पडू शकतं." त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपाशी शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातले क्षार आणखी घसरतात. आधी चमच्या-चमच्यानं पेज द्यायची, रोज रक्त तपासायचं. उपाशी लेकीला आईनं जेवू घालणंही जीवघेणं! सासूबाई डबा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, पुढचं काम मनाच्या डॉक्टरांचं. माझे यजमान एसटीत मेकॅनिक. ते भडकले. "माझी बहीण वेडी नाय!" वर्षा पलंगावरून म्हणाली, "दादा, मला भाताची भीती वाटते. वेड नाय तर काय हाय हे?" ते बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी रजा टाकली आणि वरंध घाटानं आम्हाला पुण्याला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. "वर्षा, तू इथे उभी आहेस असं समज. तुझ्या अंगाची कड काढ." तिनं काढली. मग बाईंनी तिला त्याच कागदाला टेकून उभं केलं आणि लाल पेन्सिलीनं तिच्या अंगाभोवती रेघ ओढली. ती बाजूला झाली. तिनं काढलेली कड लाल रेघेच्या इतकी बाहेर होती की मधे मी मावले असते.

इतकी वर्षं लोकांची मापं घेते मी. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"वहिनी," ती म्हणाली, "मला मी तश्शीच दिसते गो. खोटं नाय सांगत."

तेव्हा कळलं, ही हट्टी नाही. हिला आरसाच वेगळा दिला होता कुणीतरी.

बरं व्हायला दोन वर्षं लागली. मधे दोनदा घसरली. बाईंनी घरच्यांना पथ्य दिलं: जाड-बारीक हे शब्द बंद. वर्षाला दर खेपेला विचारायच्या, "वजनकाट्यावर ठेवता येत नाही असं तुझ्यात काय आहे?" कितीतरी महिन्यांनी ती हळूच म्हणाली, "गाण्याची चाल मला एकदा ऐकून येते." त्या दिवशी परतीच्या गाडीत तिनं खिडकीशी बसून गुणगुणायला सुरुवात केली. ह्यांनी तोंड फिरवलं आणि रुमाल काढला.

त्या वर्षी गौरीला कापड्याच्या अंगणात बायकांनी फेर धरला आणि वर्षा पुढे होऊन गाऊ लागली. गाणं संपलं तशी शेजारची काकू प्रेमानं बोलली, "आता कशी अंगानं भरलीस गो!"

वर्षाचा चेहरा उतरला. ती फेरातून निघून घराच्या मागे गेली. मी धावत तिच्यामागे.

न्हाणीच्या दाराशी ती उभी होती, भिंतीला हात टेकून. "वहिनी, जा तू," ती म्हणाली. "बोटं घालायला नाय आले. रडायला आले." मी गेले नाही. ती रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा अंगणात जाऊन पुढचं गाणं उचललं.

वर्षा आज शाळेत संगीत शिकवते. महाडचे ते डॉक्टर आणि पुण्याच्या बाई यांचं ऋण फेडता येण्यासारखं नाही. पण तुम्हाला सांगणं एवढंच, की घरातल्या मुलीचे उपास वाढले, तर तिच्या भक्तीबरोबर तिच्या ताटाकडेही बघा. आणि मुली, तू हे वाचत असशील तर कुणाला तरी सांग. घरचे आधी चिडतील आणि मग तुझ्यासोबत घाट चढतील.

कधीकधी अजूनही जेवताना वर्षाचा घास हातातच थांबतो. आम्ही कुणी काही बोलत नाही. मग ती तो खाते.